मजल्याचं वायफाय

मी मूर्ख आहे, हे आधीच सांगून टाकते. सात वर्षं वेबसाइट बनवतेय, आणि अक्कल म्हणून नाही.

आमची चाळ लालबागची. चाळ पाडायला संमती म्हणून बिल्डरच्या कागदावर सह्या घेत रामदास दारोदार हिंडत होता. तो आमच्याच मजल्यावरचा, अकरा नंबरमधला, पण बिल्डरचा माणूस. बारा खोल्यांनी सही द्यायची नाही असं गुपचूप ठरवलं होतं. गुपचूप अशासाठी, की मागच्या गल्लीत नाही म्हणणाऱ्या एकाचा पाय मोडला, आणि कोणी मोडला ते म्हणे कोणालाच दिसलं नाही. सोमवारी सगळ्यांची हरकत एकदम सरकारी कचेरीत द्यायची, तोवर तोंडाला कुलूप.

हे सगळं माझ्या वडिलांनी जुळवलं होतं. तात्या गिरणीत होते, संपात घरी बसले ते बसलेच. तेव्हा कोणाच्या तरी वहीतली नावं मालकापर्यंत पोचली होती, त्यामुळे लिहिलेल्या नावांची त्यांना धास्ती. "कागदावर नको, आणि इंटरनेटवर तर अजिबात नको," म्हणाले. म्हणून सोमवारच्या हरकतीसाठी केलेल्या यादीचं पान मी फक्त माझ्या लॅपटॉपवर चालवलं. नावावर क्लिक केलं की त्या खोलीने मला विश्वासाने सांगितलेली अडचण उघडायची. गंगुबाई, खोली एकोणीस: भाडेपावती अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, वारसाचा कागदच झालेला नाही. हे रामदासला कळलं असतं, तर सही दे नाहीतर घर विसर, एवढंच तो म्हणाला असता. म्हातारीला दुसरं घर नाही, माणूस नाही.

शनिवारी दुपारी तात्या गॅलरीत स्टुलावर बसलेले. लॅपटॉपवरचं बारीक अक्षर त्यांना दिसेना. "फोनवर दी, बोटांनी मोठा करून बघतंय."

लॅपटॉपवर असं चालणारं पान दुसऱ्या कुठल्याच यंत्राला दिसत नाही. दाखवायचं तर सेटिंगमध्ये पत्त्याच्या जागी चार शून्यं घालायची. मग त्याच वायफायवरचा कुठलाही फोन ते उघडू शकतो. मी घातली. लॅपटॉपने विचारलं, नेटवर्कवरच्या इतरांना येऊ द्यायचं का? मी हो म्हटलं, चहाला हो म्हणावं तसं. आणि आमचं वायफाय अख्ख्या मजल्याचं एक. सगळ्यांनी मिळून घेतलेलं. पासवर्ड मीच घरोघर जाऊन घालून दिलेला, अकरा नंबरलासुद्धा.

पत्ता मी आतूनच ओरडून सांगितला. चाळीत दुसरं काय करतो आपण? "एकशे ब्याण्णव, टिंब, एकशे अडुसष्ट..."

"मोठ्यान बोल गो!"

मी आणखी मोठ्याने बोलले, शेवटच्या तीन हजारापर्यंत. रामदास त्याच्या दारात पेपर वाचत होता, दिसतही होता. पण नुसत्या आकड्यांवरून त्याला काय कळणार? शहाणी मी!

कोणता फोन पान उघडतोय ते माझ्या स्क्रीनवर उमटत होतं. पत्त्याच्या शेवटी चौदा असलेला, तो तात्यांचा. मग खाली दुसरी ओळ आली. शेवटी एकतीस.

"तात्या, दुसऱ्या फोनवर उघडलंत काय?"

"माझ्याकडे दुसरो फोन खंय आसा?"

एकतीसने खोली एकोणीस उघडली. मग बावीस. मग सव्वीस. भराभर, एकामागून एक. बंद करायला दोन बटणं पुरतात, आणि माझी बोटं ती दोन बटणं सोडून सगळीकडे पडत होती. देवा शप्पथ, इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. पान बंद झालं तोवर बारा खोल्या वाचून झाल्या होत्या.

बाहेर पेपरची घडी केल्याचा आवाज आला. रामदास हातात कागद घेऊन आमच्या दारावरून गेला. मी मागे धावले. तो एकोणीसपाशी थांबला.

"मावशी," अगदी गोड आवाज, "वारसाचा कागद झाला का हो तुमचा?"

गंगुबाई चष्मा लावायलाही आत गेल्या नाहीत. त्याने बोट ठेवलं तिथे त्यांनी उभ्या उभ्या सही केली, आणि परत देताना पेन खाली पडलं. रामदासने हसत उचललं. यादीत नसलेल्या वीस आणि एकवीस नंबरकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. थेट बावीसची कडी वाजवली.

"गंगुमावशी," मी म्हटलं, "माझी चूक झाली, ते वायफाय..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर परवडला असता. त्या मला घाबरून दाराआड सरकल्या होत्या.

"तुका सोडून मी कोणाकच सांगूक नाय, नलू," त्या हळूच म्हणाल्या. "काय दिल्यान गो तुका रामदासान?"