पावडर लावलेलं इंजिन

फोरमननी लेकीचा पावडरचा डबा मोटारसायकलच्या इंजिनावर उपडा केला आणि तळाशी दोनदा थोपटलं. रॉकेलने धुऊन फडक्याने कोरडं केलेलं इंजिन बघता बघता पांढरंफटक झालं. अंगणभर गुलाबाचा वास पसरला.

"अहो, तो डबा नवा होता," बायको दारातून म्हणाली.

"इंजिन जुनं आहे," फोरमन म्हणाले आणि वाकून गाडीखाली वर्तमानपत्र पसरू लागले.

युक्ती साधी होती. स्वच्छ इंजिनावर पावडर मारायची, गाडी थोडा वेळ चालू ठेवायची, आणि ऑइल जिथून बाहेर येईल तिथे पावडर भिजून काळी रेघ उमटली की चोर सापडला. कारखान्यात कितीतरी नवख्या पोरांना त्यांनी ही युक्ती शिकवली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. मशिनने त्यांच्यापुढे नखरे करावेत आणि ते खपून जावेत असं सहसा झालं नव्हतं. ही गाडी मात्र गेले दोन महिने त्यांच्या नाकावर टिच्चून गळत होती.

आधी त्यांनी इंजिनाच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. बाजारात हवं ते मिळेना, तेव्हा जाड कागद झाकणावर धरून, हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत घरीच कापलं. ते इतकं बेमालूम बसलं की त्यांनी शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी गाडीखाली पुन्हा थेंब दिसला. मग कोणाला काही न बोलता त्यांनी चेनमागचं ऑइल सील बदललं. थेंब पडतच राहिले.

गाडी आता चालवायची ती त्यांची मुलगी. घरात तिला ठकी म्हणत आणि लॅबमध्ये मॅडम. उपाशीपोटी तपासायचं रक्त भल्या पहाटे घरोघरी जाऊन घ्यायचं आणि लॅबमध्ये पोचवायचं, हे तिचं काम. नवऱ्याचं घर सोडून ती गेल्या वर्षी परत आली, तेव्हापासून बापाची ही जुनी गाडी तिच्या हातात होती.

ती आली तो दिवस फोरमनना आठवायला नको वाटे. दोन बॅगा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या लेकीला त्यांनी विचारलं होतं, किती दिवस आहेस. सासरहून आलेल्या मुलीला कुठलाही बाप विचारतो तेच. पण त्या दिवशी ते विचारायला नको होतं, हे विचारून झाल्यावर कळलं. ती "बघू" म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर घरात भांडण झालं नाही की अबोला धरला गेला नाही. बोलणं मात्र कामापुरतं उरलं. दोघंही एका मातीचे, पडतं घ्यायची सवय कोणालाच नव्हती.

आणि परवा जेवताना तिने सहज सांगावं तसं सांगितलं, की लॅबजवळ एक खोली बघून ठेवलीय. गाडीचा भरवसा राहिला नाही, कधी रस्त्यात दगा देईल सांगता येत नाही. खोली घेतली की पायी जाता येईल. घरमालकीण बाईंना रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. फोरमनच्या हातातला घास हातातच राहिला. राहा म्हणावं असं फार वाटलं, पण तोंडातून निघालं ते असं, की रविवारी गाडी मी बघतो.

आज रविवार होता. गळती थांबली तर लेक राहील, असं सरळ गणित त्यांनी मांडलं होतं. ते कुठेतरी चुकतंय हे त्यांनाही आतून जाणवत होतं, पण त्यांना जमणारं गणित तेवढंच होतं.

त्यांनी गाडी मेन स्टँडवर घेतली आणि ठकीला किक मारायला सांगितलं. इंजिन सुरू झालं. मागून निळसर धूर आला. बापलेक गाडीच्या दोन बाजूंना उकिडवे बसून पावडरकडे बघत राहिले.

पहिली काळी रेघ सीलपाशी उमटली. फोरमननी समाधानाने मान हलवली. ती हलवून होते न होते तोच झाकणाच्या कडेने दुसरी उमटली, त्यांनी हाताने कापलेल्या त्या पॅकिंगमधून. मग वरच्या हवेच्या नळीतून एक थेंब घरंगळत आला आणि पांढऱ्या पावडरवरून थेट खाली वर्तमानपत्रावर पडला. ते एक चोर शोधत होते आणि इथे टोळी निघाली होती.

त्यांनी गाडी बंद केली. एक सील जाऊ शकतं, एक पॅकिंग बिघडू शकतं. पण सगळं एकदम? मग त्यांच्या मनात आलं की गाडीत काही नसेल, आपलाच हात गेला असेल. हा विचार त्यांना फार लागला.

"राहू दे ना बाबा," ठकी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "तिचंही वय झालंय."

तिने फोन काढला आणि घड्याळ बघितलं. फोरमनना त्या फोनची एकदम भीती वाटली. ते घाईने म्हणाले की थांब, ऑइल काढून बघू, पातळ झालं असेल. खरं तर पातळ ऑइलवर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता, पण हात टेकायला अजून थोडा अवकाश हवा होता.

बायकोने कुरकुरत एक लिटरचं मापाचं भांडं आणून दिलं. ह्या इंजिनात ऑइल बसतं एक लिटर, हे फोरमन झोपेतही सांगू शकले असते. दोन महिने गळणाऱ्या गाडीतून त्याच्याहून कमीच निघणार. त्यांनी पान्याने खालचा नट सोडवला. काळं, कोमट ऑइल भांड्यात पडू लागलं. अर्धं भांडं झालं, पाऊण झालं. ते काठाशी आलं तरी धार तशीच होती. फोरमननी घाईने भोकाला अंगठा लावला आणि दुसरं भांडं मागितलं.

बायको पातेलं घेऊन आली. धार पातेल्यात पडत राहिली आणि पातेलं निम्मं भरल्यावर थांबली. फोरमन एकदा भांड्याकडे आणि एकदा पातेल्याकडे बघत होते. गाडीने ऑइल गाळायच्या ऐवजी घरी तयार केलं होतं, असंच म्हणायची पाळी आली होती.

"एवढं कसं निघालं?" ते स्वतःशीच म्हणाले.

"निघणारच," बायको म्हणाली. "पहाटे तुम्ही ओतता, संध्याकाळी ती ओतते."

बापलेकीने एकदम तिच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"मला वाटलं तुमचं दोघांचं ठरलंय," ती म्हणाली. चुलीवर दूध होतं, त्यामुळे ती आणखी काही न सांगता आत गेली.

 चोरी पकडली गेली होती आणि दोघांचीही एकदमच. फोरमननी उगाच पाना पुसायला घेतला.

शेवटी ठकीने सांगितलं. पॅकिंग बदलल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच तिला लॅबच्या दारात गाडीखाली डाग दिसला होता. पण बाबा इतके खूश होते, शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते, की तिला सांगवेना. मग ती पंपावरून ऑइलचा डबा घेऊन आली. कामावरून आल्यावर गाडी लावायची, ऑइल मोजायची काडी काढून बघायची, कमी दिसलं की ओतायचं आणि फरशीवरचा थेंब बाबांना दिसायच्या आत पुसून टाकायचा, असा तिचा रोजचा कार्यक्रम होऊन बसला. तिला वाटायचं, गाडी फार ऑइल पिते. म्हणून तर भरवसा उडाला होता.

फोरमन ऐकत होते. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून कोणीतरी दोन महिने फरशी पुसत होतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आणि तुम्ही?" ठकीने विचारलं.

त्यांनीही सांगून टाकलं. ऑइल संपून इंजिन जाम झालं तर पोर अंधारात कुठेतरी अडकून पडेल, ही धास्ती त्यांना झोपू देत नसे. म्हणून ती उठायच्या आत ते अंगणात येत, काडी बघत आणि थोडं ओतून ठेवत. सांगितलं असतं तर दुरुस्ती फसल्याचं कबूल करावं लागलं असतं, म्हणून मूग गिळून बसले.

"पण काडीवर जास्त दिसायला हवं होतं ना? मी तर आदल्या संध्याकाळीच ओतलेलं असायचं."

फोरमन जरा अवघडले. "गाडी कशी उभी करायचीस?"

"साइड स्टँडवर. मेन स्टँडवर मला ओढत नाही."

"मीही तशीच बघायचो."

गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते आणि आतलं ऑइलही डावीकडे जातं. काडी असते उजव्या अंगाला. पोटात तुडुंब असलं तरी काडी आपली कोरडीच येते. गाडी सरळ उभी केल्याशिवाय ऑइल मोजायचं नाही, हे फोरमनच्या शाळेतलं पहिलं वाक्य. ह्या एका चुकीसाठी त्यांनी कारखान्यात भल्याभल्यांची बिनपाण्याने केली होती.

"तुम्हाला तर माहीत होतं, बाबा. मग मेन स्टँडवर का नाही घ्यायचात?"

"आवाज होतो," फोरमन खाली बघत म्हणाले. "तुझी झोप मोडली असती."

ठकीने निम्म्या भरलेल्या पातेल्याकडे पाहिलं. मग तिला हसू आलं. आधी तिने ते दाबलं, मग ते दाबता येईना, आणि ती तिथेच फरशीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. फोरमनही हसू लागले. ऐन भरल्या पोटी दोन्ही बाजूंनी आग्रह करकरून वाढावं, तसं त्यांनी त्या बिचाऱ्या इंजिनाला दोन महिने खाऊ घातलं होतं. जागा नव्हती म्हणून ते मिळेल त्या फटीतून बाहेर टाकत होतं. पॅकिंग चांगलं होतं. पहिला डाग जुन्या सीलचा होता, आणि नवं सीलही चांगलं होतं. हातही कुठे गेला नव्हता, आणि हे लक्षात आल्यावर फोरमनचा जीव भांड्यात पडला.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. ठकीने हवेची नळी धुतली, फोरमननी नट घट्ट करून इंजिन पुन्हा धुऊन कोरडं केलं. नवं ऑइल तिने मापाच्या भांड्यातून बरोबर लिटरभर ओतलं आणि त्यांनी उरलीसुरली पावडर पुन्हा इंजिनावर मारली. गाडी चालू ठेवली. धूर गेला. पावडर पांढरीच राहिली. मग ठकी लांबची चक्कर मारायला गेली. ती येईपर्यंत फोरमन फाटकापाशी उभे होते. ती परतल्यावर त्यांनी गाडीखाली कोरा कागद सरकवला, आणि उन्हं उतरेपर्यंत अधूनमधून येऊन त्यावर बोट फिरवून बघितलं. कागद कोरडा होता.

आता त्यांनी खूश व्हायला हवं होतं. पण गळती थांबली तसं त्यांचं निमित्तही संपलं. गाडी धड असूनही ती गेली, तर ती गाडीमुळे जात नव्हती एवढंच सिद्ध होणार होतं. पॅकिंग बसायला आठवडा लागेल, तोवर थांब, असं सांगता आलं असतं. तिने मानलंही असतं. पण झालेल्या कामाला न झालेलं म्हणायला त्यांची जीभ वळेना.

संध्याकाळी ठकी अंगणात आली तेव्हा तिच्या हातात फोन होता.

"गाडी ठीक झाली," फोरमन म्हणाले. "कुठेही जाईल. तिकडे न्यायची असेल तर ने. तुझीच आहे ती."

"बरं."

फोरमननी हात पुसले. पुसून झालेले हात पुन्हा पुसले.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," ते म्हणाले. "गाडीचा काही संबंध नाही. आईला काय वाटतं ते आई सांगेल. हे माझं झालं."

ठकी उभी राहिली. हातातल्या फोनचा उजेड आपोआप मालवला. तिने तो पुन्हा लावला नाही.

"उद्यापासून ऑइल मी बघेन," ती म्हणाली. "गाडी सरळ उभी करून. निघायच्या आधी."

"बघ."

"तुमची झोप मोडेल."

"मोडू दे."

"मग दाखवा मला, मेन स्टँडवर कशी घेतात."

त्यांनी दाखवलं. हाताने खेचायची नाही, नुसती धरायची. उजवा पाय स्टँडवर ठेवायचा आणि अंगाचा सगळा भार त्यावर द्यायचा, बाकी गाडी आपली आपण चढते. पहिल्यांदा ती चढली नाही. फोरमनचे हात पुढे झाले आणि त्यांनी ते मागे घेतले. दुसऱ्या खेपेला ठकी पायावर उभीच राहिली, आणि गाडी धाडकन वर चढून सरळ झाली.

"काय पडलं गं?" आतून आईने विचारलं.

"काही नाही पडलं," ठकी म्हणाली. "सवय करून घे, आई. रोज पहाटे होणार आहे."