आरोपीच्या मित्राची खुर्ची

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी अंबुजाबाई कुलूप उघडतात. आधी खिडकी, मग पंखा, मग मी, असा त्यांचा क्रम ठरलेला आहे. ओले फडके माझ्या दोन्ही हातांवरून आणि पाठीवरून फिरते व डाव्या मागच्या पायाशी थांबते. तो पाय आखूड आहे. त्याखाली सरकवलेली कागदाची घडी त्या नीट बसवतात. साडेसातला खालच्या मेसमधून कॉफी येते. आठला शहाजीराव वकील येतात, चपला दाराबाहेर काढतात आणि पहिली फाईल उघडतात. तिरुवल्लिकेणी या जुन्या तमिळ वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, माझा दिवस असा सुरू होतो.

मित्रांनो, मी सागवानाची एक जुनी खुर्ची आहे. तुम्हाला 'मित्रांनो' म्हणताना मला किळस येते, हे आधीच सांगून टाकते. दोष तुमचा नाही. तो शब्द कसा वापरला जातो, ते मी फार जवळून पाहिले आहे.

माझा जन्म या शहराबाहेरच्या एका छावणीत झाला. उमाकांत नावाच्या सुताराने मला घडवले, वेताची बैठक विणली आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक लिहिला. पुष्कळ वर्षे मी एका तुकडीच्या कार्यालयात होते. जवान माझ्यावर बसून रजेचे अर्ज लिहीत, घरची पत्रे वाचत. 'या खुर्चीत पाठ सुखावते,' असे म्हणत. मला ते आवडे.

पुढे मला शेजारच्या खोलीत नेले. तिथे कधीकधी न्यायालय भरे. सैन्याचा स्वतःचा कायदा असतो. त्या कायद्याच्या लहान न्यायालयात तुकडीचा प्रमुखच न्यायाधीश असतो आणि आरोपीच्या बाजूने बोलायला वकील नसतो. त्याऐवजी त्याला एक अधिकारी दिला जातो. कागदोपत्री त्याचे नाव 'आरोपीचा मित्र'. हा मित्र न्यायालयाशी बोलू शकत नाही. तो आरोपीच्या कानात सल्ला मात्र देऊ शकतो. मी त्या मित्राची खुर्ची झाले.

असे सहा मित्र मी अंगावर वाहिले. एकाने खटला चालू असताना नखे कापली. ती माझ्या वेतात अडकून राहिली. एकजण डुलक्या घेई. एकाने काजूची बिस्किटे खाल्ली आणि तुपकट बोटे माझ्या हाताला पुसली. समोर कोणाचे तरी आयुष्य मोडत असे. मला उठून जाता येत नव्हते. त्यांना येत होते.

सहावे मित्र कॅप्टन गंधार. ते पुण्याचे होते आणि आरोपी नाईक काशिनाथ साताऱ्याकडचा, म्हणून मराठी जाणणारा मित्र मुद्दाम नेमला गेला. ही सन २००३ च्या मे महिन्यातली गोष्ट. काशिनाथ शिधाकोठारावर होता. सोंडकिडे लागलेली डाळ जवानांच्या पानात वाढायची नाही, म्हणून त्याने दोनदा लेखी तक्रार केली होती. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात चांगल्या डाळीची चार पोती कमी भरली आणि आरोप त्याच्यावरच आला.

रिवाजाप्रमाणे टोपी आणि पट्टा काढून घेऊन त्याला आत आणले. तुकडीचे प्रमुख असलेल्या कर्नलसाहेबांनी हिंदीत विचारले, "गुनाह कबूल है?"

आता काशिनाथच्या गावची रीत ऐका. वडीलधारा माणूस रागावला असेल तर आपली बाजू मांडण्याआधी नमते घ्यायचे. घाबरलेला काशिनाथ हिंदी विसरला आणि मराठीत म्हणाला, "चुकलंमाकलं असेल तर माफी असावी, साहेब, पण..."

"क्या बोल रहा है?" कर्नलसाहेबांनी कॅप्टनना विचारले.

"माफी माँग रहा है, सर."

"ठीक है. कबूल."

तो 'पण' कॅप्टननी ऐकला होता. त्या शब्दासरशी त्यांचे अंग माझ्यावर ताठ झाले, आणि लगेच सैल पडले. ते सैल पडणे मला आजही आठवते; अंगावरून पाल गेल्यासारखे वाटते. वाकून काशिनाथच्या कानात 'नाही म्हण' एवढे सांगायला कायद्याची आडकाठी नव्हती. ते वाकले नाहीत. इंग्रजी कागदावर काशिनाथची सही झाली. अकरा मिनिटांत सारे संपले: बडतर्फी आणि तीन महिन्यांची कैद.

त्याच वर्षी माझा पाय झिजला. मला निकामी ठरवून लिलावात काढले आणि जुन्या सामानाच्या दुकानातून शहाजीरावांनी मला इथे आणले. शहाजीराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी दोनतीनशे वर्षांपूर्वीची वाटते, मध्येच तमिळ डोकावते. शहर मोठे असले तरी लष्करी खटले घेणारी दारे थोडी. म्हणून पुढच्या वर्षी काशिनाथ आणि त्याची पत्नी चित्रा याच जिन्याने वर आले. गावात त्यांच्या मुलीला शाळेत 'डाळचोराची' म्हणत. नोकरी परत मिळो न मिळो, तो डाग पुसला जावा, एवढेच चित्राचे मागणे होते.

काशिनाथने त्या खोलीत काय म्हटले होते, ते शहाजीरावांना सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, "'पण' म्हणिलात? खास?"

"म्हणालो, साहेब. पुढचं तोंडातच राहिलं."

"सरी, बरं. मग तो 'पण' ऐकणारा माणूस आपणांस पाहिजे."

त्यांनी कॅप्टनना तीन पत्रे लिहिली. तिसऱ्यानंतर, सन २००५ च्या मार्चमध्ये एका दुपारी, कॅप्टन साध्या कपड्यांत आले. काशिनाथ आणि चित्रा आधीच येऊन बसले होते. कॅप्टनना पाहताच काशिनाथ सवयीने उठून ताठ उभा राहिला. चित्राने मला पुढे ओढले.

"बसा, साहेब. बसून राहायची तुम्हाला सवय आहे."

ते बसले. तेच वजन. मला शिसारी आली.

"काप्पी घेता?" शहाजीरावांनी विचारले. "आमच्या मराठीला हसू नका, हं. तुमच्या मराठीचीच आजी ती."

कॅप्टन हसले नाहीत. "वकीलसाहेब, मित्राला न्यायालयात बोलता येत नाही. नियम आहे."

"नियम मला पाठ आहे. कानात बोलिलेलं चालतं, तेही त्यातच आहे."

"मी खोटं भाषांतर केलं नाही. तो माफीच मागत होता."

"आमच्याकडे जेवायला वाढतानाही माफी मागतात, साहेब," चित्रा म्हणाली. "म्हणून काय आम्ही अन्न चोरलेलं असतं?"

"पुढच्या महिन्यात माझ्या बढतीचा निर्णय आहे," कॅप्टन हळूच म्हणाले. "आणि कर्नलसाहेबांचा शेरा त्यात लागतो."

काशिनाथ अजून उभाच होता. तो म्हणाला, "साहेबांना अडचण होत असेल तर राहू दे, वकीलसाहेब."

"तुम्ही खाली बसा आधी," चित्रा त्याला म्हणाली.

शहाजीरावांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा कॅप्टनांपुढे सरकवला. ते वाचू लागले.

तेवढ्या वेळात तुम्हाला माझे मागणे सांगते. माझी निगा राखली नाहीत तरी चालेल. लाकूड धूळ सोसते. पण उद्या तुम्हाला कोणाच्या शेजारी त्याचा मित्र म्हणून बसवले, तर आरामात बसू नका. त्याचे वाक्य अर्धवट राहिले असेल तर वाका, विचारा, पुरे करून घ्या. ते जमत नसेल तर तिथे बसूच नका. मित्र म्हणवून घेऊन रिकामे बसणाऱ्या माणसापेक्षा रिकामी खुर्ची बरी. तिच्याकडे बघून आरोपीला निदान खरे ते कळते.

मसुदा इंग्रजीत होता. शहाजीराव दयाळू आहेत. माणसाला परतायला वाट ठेवावी, या समजुतीने त्यांनी तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते: 'पंख्याच्या आवाजामुळे आरोपीचे पुढचे शब्द मला नीट ऐकू आले नसावेत.' कॅप्टन त्या ओळीपाशी थांबले. त्यांचे अंग माझ्यावर ताठ झाले. ते सैल पडण्याची मी वाट पाहिली.

"पेन द्या," ते म्हणाले.

ती ओळ त्यांनी एका सरळ रेषेने खोडली. वर बारीक अक्षरांत लिहिले: 'आरोपी "पण" असे म्हणाला. मी ते ऐकले. त्याचा अर्थ मला समजला होता.' खोडलेल्या जागी समासात स्वतःची आद्याक्षरे घातली, आणि सही करण्यासाठी पुढचे पान उलटले.