बसच्या पुढे

लुइझियानातल्या त्या लष्करी छावणीतून शनिवारी गावात जायला एकच बस होती, आणि तिच्यात चढायची पद्धत सोपी होती. आधी सगळे गोरे सैनिक बसायचे, मग उरलेल्या जागेवर काळे. जागा उरू द्यायची नाही असा नियम कुठंही नव्हता. ती आपली उरत नसे.

त्या शनिवारी सार्जंट होझिया पेटिफर्डला गावात पोचणं भाग होतं. त्याची तुकडी महिन्याभरात समुद्रापार लढाईवर निघायची होती. बायको आर्डेलिया अलाबामाहून स्टेशनावर येऊन बसली होती. मालकिणीनं तिला एकाच दिवसाची रजा दिली होती, तीही उपकार केल्यासारखी. परतीची गाडी संध्याकाळी होती.

"सार्जंट, मागं एक जागा आहे," ड्रायव्हर म्हणाला. "तू चढ. बाकीचे राहू देत."

पेटिफर्डनं मागं पाहिलं. त्याची माणसं कडक इस्त्रीत घाम गाळत उभी होती.

"जा हो," कॉर्पोरल मोझली म्हणाला. "वहिनींना नमस्कार सांगा. आम्ही उभे राहतो. त्यात आमचा हात कोण धरणार?"

आता बसलो, तर पुन्हा या लोकांना 'माझ्यामागून या' कुठल्या तोंडानं म्हणायचं? पेटिफर्ड चरफडला.

"रांगा धरा," तो म्हणाला.

बस सुटायच्या आत तुकडी कवायतीच्या चालीनं रस्त्याला लागली. गाव वीस मैलांवर, रस्ता अरुंद, दोन्हीकडे दलदल. थोड्याच वेळात मागून भोंगा वाजू लागला. खिडकीतून लेफ्टनंट क्रॅडकचं लालबुंद तोंड बाहेर आलं. गावात त्याची मैत्रीण वाट पाहत होती.

"बाजूला व्हा!"

पेटिफर्डनं सलाम ठोकला. "दलदलीत, साहेब? सरकारी बूट खराब केले तर शिक्षा. मंगळवारी तुम्हीच शिकवलंत. चालती रांग मोडायची नाही, हेही."

क्रॅडकला आपण इतकं चांगलं शिकवत असू याची कल्पना नव्हती. "मग पळा तरी!"

"हुकूम आहे, साहेब?"

"हुकूम आहे!"

पळाले. तरी स्टेशनात शिरताना गाडीची शिट्टी झालीच. आर्डेलिया काळ्यांच्या डब्याच्या पायरीवर उभी होती. तिनं रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेल्या 'पाय'चा डबा त्याच्या हातात कोंबला.

"अहो, काय हा अवतार! बसनं यायचं ना."

"बस मागून येतेय," पेटिफर्ड म्हणाला.

गाडी हलली. दिवसभराचं बोलणं तेवढ्यावर आटोपलं.

सोमवारी कर्नलसाहेबांनी त्याला बोलावून पाठ थोपटली. अशी शिस्त त्यांनी गोऱ्या तुकड्यांतही पाहिली नव्हती म्हणे. "इतकं सुरेख चालता, तर तुम्हाला बस लागतेच कशाला?" असं म्हणून त्यांनी काळ्या तुकडीला बस बंद केली, आणि वर हसले. पेटिफर्डचा हात सलामाला गेला. दुसरं काही करायचं त्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं.

बराकीत मोझली आर्डेलियाच्या डब्यातल्या 'पाय'चा शेवटचा तुकडा खात होता. "शाबासकीनं पोट भरलं, सार्जंट. आता?"

"शनिवारी बस बारालाच सुटते ना?"

"हो."

"मग आपण जरा आधी निघू."

"पळत?"

"छे," पेटिफर्ड बुटाला पॉलिश लावत म्हणाला. "पळायचा हुकूम त्या शनिवारपुरता होता."