रोज नवं टेबल

जहाजावर जेवायचं कसं, हे घरी बसून आधी ठरवावं लागतं. आता बोला! लेकीनं आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझची सहल भेट दिली, आणि तिकिटाबरोबर हे एक डोक्याला ताप.

"बाबा, दोन प्रकार असतात," लेक फोनवर समजावत होती. "ठरलेली वेळ घेतली तर रोज संध्याकाळी तेच टेबल, बरोबर तीच माणसं आणि वाढणाराही तोच. मोकळी वेळ घेतली तर वाटेल तेव्हा जायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. मग रोज नवी माणसं. तुम्ही ठरलेलीच घ्या हं."

"मला शिकवतेस?" मी म्हणालो.

मला म्हणजे कुणाला, तर साबणाच्या कारखान्यात गेटवर उभा जन्म काढलेल्या टाइमकीपरला. भोंगा झाला की डबा उघडायचा, भोंगा झाला की बंद करायचा. निवृत्त झाल्यावरही दुपारच्या पोळीला उशीर झाला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. जावई तर म्हणतो, बाबांना ठसकासुद्धा वेळेवर लागतो. मी ठरलेली वेळ सोडून दुसरं काही घेईन, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पण लेक एवढं बजावत होती ते माझ्यासाठी नव्हतंच. ते हिच्यासाठी होतं.

ही विसरायला लागली होती. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, अजून सुरुवात आहे. रोज तीच जागा, तीच माणसं आणि तोच क्रम ठेवा, म्हणजे त्यांना आधार वाटेल. हे लेकीनं ऐकलं होतं आणि मीही ऐकलं होतं. शेजारी बसूनच ऐकलं होतं.

पण लेकीला एक गोष्ट माहीत नव्हती, कारण ती राहते लांब. हिला नवं माणूस दिसलं की ही एकच गोष्ट सांगायची. आमच्या पहिल्या भेटीची. ही त्याच कारखान्यात पॅकिंगला लागली, तो पहिला दिवस. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, एक पाय अनवाणी, धावतपळत गेटवर आली तर भोंगा होऊन गेलेला. सुपरवायझर दारातच उभा. पहिल्या दिवशी उशीर म्हणजे तिथूनच घरी. "आणि ह्यांनी," इथे ही माझ्याकडे बोट करायची, "ह्यांनी काय करावं? सरळ बोटानं घड्याळाचा काटा मागे सारला, आणि माझं कार्ड ठक् करून छापलं! ह्यांनी! आणि त्या संध्याकाळी सगळा कारखाना उशिरा घरी गेला!"

लोक इथे हमखास हसायचे. गोष्ट छानच आहे हो. खोटीही नाही. पण आधी ही वर्षातून एकदा कधीतरी सांगायची. आता बँकेत सांगितली, दवाखान्यात सांगितली, गॅसवाल्याला सांगितली. आणि त्याच गॅसवाल्याला पुढच्या वेळी पुन्हा सांगितली. तो बिचारा माझ्याकडे बघून हसला. ते हसणं माझ्या काळजात रुतून बसलं.

म्हणून मी हिशेब केला. ठरलेलं टेबल म्हणजे रोज तीच माणसं. पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे बघतील, तिसऱ्या दिवशी आम्ही यायच्या आत खुर्च्या लांब सरकवून बसतील. आणि मोकळी वेळ म्हणजे रोज नवी माणसं. रोज तीच गोष्ट, पण ऐकणारा नवा! कुणाला पत्ता लागणार नाही. मी कॉम्प्युटरवर गुपचूप मोकळ्या वेळेचं बटण दाबलं आणि लेकीला कळवलं की ठरलेल्या वेळेच्या जागा भरल्या. काय डोकं चालवलं, म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली.

पहिल्या संध्याकाळी आमच्या टेबलावर एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको होती. सूप येतंय तोवर हिनं गोष्ट सुरू केली. डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. "मग पुढे? कुणाला कळलं नाही?" त्यांनी विचारलं.

"कळलं की!" ही म्हणाली. "माझ्या सासूला कळलं! म्हणाली, हा मेला वेळेआधी दारात हजर असतो, आज स्वयंपाक गार होईपर्यंत होता कुठे?"

डॉक्टरांना तर ठसकाच लागला. हिचा चेहरा असा फुलला होता की मी नुसता बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं होती. तीही हसली. तिसऱ्या दिवशी तिसरी. माझी युक्ती अगदी बिनबोभाट चालली होती.

फक्त एक होतं. रोज संध्याकाळी जेवणघराच्या दारात ही माझी बाही धरायची. "अहो, आपलं टेबल कुठलं?"

"देतील ते."

"काल कुठं बसलो होतो?"

"तिकडे. खिडकीपाशी."

"मग आज तिकडे का नाही?"

आता काय सांगणार? वाढणारा आला की ही त्याला नाव विचारायची, तो सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुसराच कुणीतरी पुढे उभा. हातातलं मेनूकार्ड ही उलटं धरून बसायची. एकदा हात धुवायला गेली ती परत येताना भलत्याच टेबलावर जाऊन बसली, अनोळखी माणसांत. आणि मला शोधत सगळीकडे बघत होती. मी उठून आणलं तर तिच्या डोळ्यांत पाणी. "तुम्ही जागा का बदलली?" म्हणाली. मी म्हणालो, "अगं, मी नाही बदलली, तू चुकलीस." पलीकडच्या दालनात ठरलेल्या वेळेवाल्यांची जेवणं चाललेली. तिथल्या एका म्हातारीला वाढणारा न विचारता बिनसाखरेचा चहा देत होता. मी ते पाहिलं आणि मान फिरवली.

आणि मग एका संध्याकाळी आम्हाला जागा दाखवणाऱ्या मुलीनं नेमकं डॉक्टरांच्या टेबलाकडे नेलं.

"दुसरं टेबल नाही का?" मी विचारलं.

"थांबावं लागेल, काका. आज गर्दी आहे."

"थांबतो."

पण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पाहिलं होतं. "अहो, या या! जागा आहे की!" त्या हात हलवत होत्या. ही निघालीसुद्धा. खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि हसून म्हणाली, "आपण पहिल्यांदाच भेटतोय, नाही का?"

डॉक्टरीणबाई अर्धा क्षण थांबल्या. "हो," त्या म्हणाल्या. "बरं झालं भेटलो."

मला तिथेच धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं. टेबलावर आणखी दोघं भाऊ होते, नवे. ही लगेच सुरू झाली. चपलेचा अंगठा, अनवाणी पाय, सुपरवायझर. मी पाव कुस्करत होतो. डॉक्टर मान खाली घालून सूप ढवळत होते, आणि डॉक्टरीणबाईंनी चमचा बाजूला ठेवला होता. हनुवटीवर हात घेऊन ऐकत होत्या, अगदी मन लावून, आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारख्या. जिथे हसायचं तिथे हसल्या. आणि मग पुढे वाकून त्यांनी विचारलं, "मग पुढे? कुणाला कळलं नाही?"

तोच प्रश्न. मुद्दाम. हिला उत्तर देता यावं म्हणून.

त्या बाईंनी भलेपणानं केलं, मला कळतं हो. तेव्हाही कळलं होतं. पण त्या भलेपणाचाच मला भयंकर राग आला. माझ्या बायकोला कुणी लहान मुलासारखं खेळवतंय, मी समोर बसून बघतोय, आणि ते दोघं भाऊही आता एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतायत. ही "कळलं की!" म्हणून तोंड उघडतेय, तोच मी टेबलावर हात आपटला.

"पुरे! ऐकलंय त्यांनी हे! परवा ऐकवलंस, काल ऐकवलंस, रोज उठून तेच ऐकवतेस! लोक तोंडावर बोलत नाहीत, म्हणून काय वाटेल ते?"

आजूबाजूच्या टेबलांवरून माना वळल्या.

ही माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तरुणपणी मी आवाज चढवला की ही दुप्पट चढवायची. पण ती फक्त म्हणाली, "हो का?" आणि मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, अगदी हळू, "माफ करा हं. तुम्हाला कंटाळा आला असेल. मला कुणी सांगितलं नाही."

"अहो, नाही हो, छान आहे गोष्ट," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कधी पाहिलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर कुणी काय खाल्लं, कोण जाणे.

परतताना बोळातून ही माझ्या मागे चालत होती. बाही धरली नव्हती.

"रोज सांगते मी?" तिनं विचारलं.

"नाही गं. मी आपला रागाच्या भरात बोललो."

"मग ते हसले का नाहीत?"

मी दार उघडायचं कार्ड उलटंसुलटं करत राहिलो.

सकाळी उठली तर नेहमीसारखी. आज वार कुठला, न्हाणीघर कुठं, आपण घरी कधी जायचं. खरं सांगू? मला हायसं वाटलं. म्हटलं, विसरली. सगळंच विसरते, हेही विसरली. सुटलो. इतका नीचपणा माझ्या मनात होता, की तिच्या ज्या आजाराची मला लाज वाटत होती, त्याच आजारानं मला वाचवावं असं वाटत होतं.

तरी मी जेवणघराच्या मुख्य माणसाकडे गेलो. हात जोडून म्हणालो, "मला ठरलेलं टेबल द्या. बायकोची तब्येत बरी नसते." तो म्हणाला, "काका, हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना! जागा होती की." त्यानं लगेच दोन खुर्च्या दिल्या. टेबलावरच्या माणसांना मी आधीच जाऊन भेटलो. एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांची बायको आणि मेव्हणी. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी ते वाक्य परक्या माणसांपुढे उच्चारलं: "माझी बायको विसरते. एकच गोष्ट रोज सांगेल. कृपा करून ऐका."

"मग काय झालं?" पोस्टमास्तर म्हणाले. "मीसुद्धा एकच गोष्ट रोज सांगतो. ह्या दोघींना विचारा." आणि त्या दोघींनी कपाळाला हात लावला.

एवढंच होतं. एवढं सोपं होतं.

संध्याकाळी ही त्या टेबलावर बसली. दुसऱ्या दिवशी वाढणाऱ्यानं तिला नावानं हाक मारली. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच पुढे चालत जाऊन आपल्या खुर्चीत बसली, माझी वाट न बघता. घरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. हसत होती, मेव्हणीबाईंना लोकरीचे टाके समजावत होती. पण गोष्ट काढेना.

शेवटी पोस्टमास्तरांनीच विचारलं, "वहिनी, तुमची दोघांची गाठ कुठं पडली?"

हिचा चेहरा उजळला. "कारखान्यात! माझा पहिला दिवस होता, आणि वाटेत माझ्या चपलेचा..." आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. शाळेत मुलं बाईंकडे बघतात तसं.

"सांग ना," मी म्हणालो. "अगं, सांग. ह्यांना माहीत नाही."

"जाऊ दे," ती म्हणाली. "तसं काही खास नाही." आणि पाण्याचा पेला उचलला.

आम्ही घरी आलो त्याला आता बरेच दिवस झाले. परवा लेक आली होती. स्वयंपाकघरात ती आईच्या शेजारी भाजी निवडत बसली होती, आणि मी दारात पेपर घेऊन. लेक म्हणाली, "आई, ती बाबांच्या घड्याळाची गोष्ट सांग ना. किती दिवसांत ऐकली नाही."

ही तेव्हा लेकीला ताई म्हणत होती. लेकीचं नाव तिला त्या दिवशी सकाळपासून आठवत नव्हतं. आपण जहाजावर गेलो होतो, हेही तिला आठवत नाही. फोटो दाखवले तर विचारते, ही कोण माणसं? पण गोष्टीचं नाव काढताच तिनं हातातली शेंग खाली ठेवली, दाराकडे चोरून पाहिलं आणि लेकीच्या कानाशी वाकली.

"नको गं ताई," ती म्हणाली. "ह्यांना आवडत नाही."