गुणाबाईचा वॉकर

मित्रांनो, मी एक ॲल्युमिनियमचा वॉकर, आता बराच जुना झालेला. व्यंकटने मला नांदेडहून लोह्याजवळच्या आपल्या घरी आणलं, तेव्हा माझ्या चारही पायांना कोरी रबरं होती. त्याची बायको गुणाबाई हिच्या पायांतलं बळ अचानक गेलं होतं. डोक्याचा, मणक्याचा एमआरआय चांगला आला आणि तिथूनच घर तिच्यावर उलटलं.

"रिपोर्टात काय न्हाई, म्हंजी अंगातबी काय न्हाई," व्यंकट म्हणायचा. सासू तर मलाही शिव्या घालायची.

एकदा गॅसवर दूध उतू चाललं. गुणाबाई मला सोडून चार पावलं धावली. गॅस बंद केला, आपण उभ्या आहोत हे तिच्या ध्यानात आलं आणि ती तिथेच कोसळली. व्यंकट दारातच होता.

"सापडली! लई नाटकं करून राहिली ही!" म्हणत त्याने मला अंगणात भिरकावलं. त्या दिवशी ती मोरीपर्यंत सरपटत गेली.

दर गुरुवारी तिचा भाऊ मल्लिनाथ आम्हाला नांदेडच्या एका दवाखान्यात न्यायचा. तिथल्या समुपदेशक शिवांगी मॅडम, रिपोर्ट चांगले पण अंग साथ देत नाही, अशा सहा जणांना गोल बसवून बोलतं करायच्या. कंधारच्या मकसूदभाईंना झटके यायचे आणि लोक त्यांना चप्पल हुंगवायचे.

"मॅडम, मीच खोटी असंन का?" गुणाबाईने दुधाची गोष्ट सांगून विचारलं.

"नाही. तुमच्या नसा शाबूत आहेत, पण मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही. पायांकडे लक्ष दिलं की जास्तच अडतो. दुधाकडे लक्ष गेलं, तेव्हा तो पोचला. म्हणजे पाय परत येऊ शकतात."

गुणाबाईने वहीत लिहिलं, 'मी पडणारच.' मग ते खरं आहे का, हे सगळ्यांसमोर तपासायचं. बेचा पाढा म्हणत, मला एकाच हाताने धरून ती खिडकीपर्यंत जाऊ लागली. मला तिचा भार हलका वाटू लागला.

आठव्या गुरुवारी घरच्यांना बोलावलं होतं.

"सगळ्यांम्होरं कबूल कर," व्यंकट गुरगुरला.

गुणाबाई उठली. "न्हाई. तुम्ही माझी चार पावलं बघितली. सरपटत गेले, तवा तोंड फिरवलं."

"घरी चल, दाखवतो तुला!"

मकसूदभाई मधे उभे राहिले. "भाईसाब, धमकी इथं न्हाई चालायची."

"मी मल्लिनाथकडं जानार हाय," ती म्हणाली.

"मग हा वॉकर माझा हाय!" व्यंकटने मला तिच्या हातातून हिसकावलं.

ती भिंत धरून, पाढा पुटपुटत निघाली. वऱ्हांड्यात दोनदा खाली बसली. मल्लिनाथ पुढे झाला, तर तिने त्याला हातानेच थांबवलं आणि आपली आपण उठली. मग ती वळणाआड गेली. मला ती पुन्हा दिसली नाही.

आता मी गोठ्यात, कडब्याखाली पडून आहे. मित्रांनो, मला कुणी पुसावं अशी माझी मागणी नाही. पण जमिनीवर पडलेलं माणूस दिसलं, तर त्याचे रिपोर्ट विचारत उभे राहू नका. त्याच्याजवळ बसा. ते उठेपर्यंत बसा.