एकदा दाबून तर बघा!
थांबा मित्रांनो, मला नुसते कुरवाळू नका! मी एक जुना टचस्क्रीनचा पडदा आहे आणि माझ्याशी बोलायचे तर चांगले दाबावे लागते.

खाली काच, वर लवचीक प्लॅस्टिक, दोन्हींवर वीज वाहून नेणारा पारदर्शक मुलामा आणि त्यांना दूर ठेवणारे बारीक ठिपके, असा माझा जन्म झाला. वरून दाबले की दोन्ही थर एकमेकांना टेकतात, वीज वाहते आणि बोट नेमके कुठे आहे ते मला कळते. काय नवल वाटायचे तेव्हा लोकांना!

लोखंडी पत्रे कापणाऱ्या कारखान्यात यंत्र चालवणाऱ्या काकांनी मला बारा वर्षे दाबले. तेलकट बोटाने, हातमोज्याने, कधी पेन्सिलीच्या मागच्या टोकानेसुद्धा. मी कधी कुरकुर केली नाही. मग नवा पडदा आला. त्याच्या काचेवर विजेचा हलका भार पसरलेला असतो. बोट टेकताच त्यातला थोडा बोटाकडे ओढला जातो आणि त्यावरून पडद्याला जागा कळते. दाबायची गरजच नाही आणि दोन बोटेही एकदम चालतात! खरे सांगतो, मीसुद्धा बघतच राहिलो. माझी रवानगी खणात झाली.

त्याच सुमारास रस्त्यावरच्या अपघातात काकांचा उजवा हात गेला. वर्षभराने ते रबरी हात लावून परतले. यंत्र चालवून दाखवले तरच जुनी जागा मिळणार होती. डाव्या हाताने सुरक्षेचे बटण दाबून धरायचे आणि उजव्याने पडदा चालवायचा, हा तिथला नियम. काकांनी रबरी बोट टेकवले. पडदा ढिम्म!

"काका, जरा जोरात दाबा ना," नवा पडदा बसवणाऱ्या इंजिनिअरबाई म्हणाल्या.

"दाबतोय की! मॅडम, याला माझा हात हातच वाटत नाही." काकांनी रबरी बोट पुन्हा रेटले.

बाईंनी कपाळावर हात मारला. "रबरातून वीज कुठली जायला! चूक माझीच. नवा बसवताना वापरणार कोण, हे विचारलंच नाही मी."

खर्रकन खण उघडला. मी उजेडात आलो, माझ्या तारा जोडल्या गेल्या आणि रबरी बोट माझ्यावर टेकले. मला काय, रबर असो की हाडामांसाचे बोट, दाब तो दाब! माझे थर भेटले आणि पत्रा खाडकन कापला गेला.

"ओळखलं! यानं मला ओळखलं!" काका लहान मुलासारखे ओरडले.

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, टोकदार काही टोचू नका. आणि कुणालाही जुना म्हणून खणात टाकण्याआधी एकदा दाबून तर बघा! उद्या सकाळी आठला काका कामावर येणार आहेत. मला तर आत्तापासूनच दम धरवत नाही.