बदललं तेवढंच

एक हिरवा चौकोन लुकलुकला, नखाएवढा, आणि विझला. बस, एवढंच! थोरलीने धाकटीच्या वेबपानावर पुन्हा एक अक्षर दाबलं, पुन्हा तेवढाच चौकोन. पानाचा जो भाग ब्राउझर नव्याने रंगवतो तो हिरवा दाखवणारी सोय तिने चालू केली होती, आणि तिचं स्वतःचं जुनं पान — चार वर्षं जीव ओतून केलेलं — एका अक्षरासाठी अख्खंच्या अख्खं हिरवं व्हायचं, म्हणजे एक कप विसळायला घरातली सगळी भांडी घासायला काढावीत तसं. धाकटीचं पान आधी मनातल्या मनात नवा आराखडा मांडतं, जुन्याशी ताडून बघतं, आणि फरक असेल तिथेच हात लावतं. किती शहाणं... किती शहाणी!

धाकटी म्हणजे सख्खी बहीण, पलीकडच्याच टेबलावर. सहा महिन्यांपूर्वी थोरलीनेच इथे, आपल्या कंपनीत, चिकटवलेली. आणि काल जेवताना आई म्हणते, "अगं, तुझं चार वर्षांचं काम हिने तीन आठवड्यांत केलं म्हणे!" म्हणे! थोरलीही हसली होती, घास तोंडात तसाच ठेवून.

चार वाजता हॉस्पिटलची माणसं धाकटीचं पान बघायला येणार. पेशंटची यादी, प्रत्येक नावापुढे नर्सने सूचना लिहायची जागा. "ताई, एकदा बघ ना, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही," असं धाकटी सकाळी म्हणाली, आणि तेव्हापासून ही बघतेय — तपासायला कसलं, खोट काढायला.

आणि चारला वीस मिनिटं असताना सापडली की हो! दुसऱ्या पेशंटपुढे तिने लिहिलं, 'उपाशी ठेवा'. पहिल्याला घरी सोडलं. त्याची ओळ गेली, सगळी नावं एकेक घर वर सरकली... आणि सूचना होती तिथेच बसून राहिली. तिसऱ्याच माणसाच्या नावापुढे. उपाशी ठेवा.

थोरलीच्या पोटात गुदगुल्या झाल्या. गप्प बसायचं. चार वाजता, सगळ्यांसमोर... होऊ दे. मग आई काय म्हणेल, म्हणे? — पण तो तिसरा माणूस? छे, आज नुसतं दाखवायचंय, कुठे कोण उपाशी राहतंय... आज नाही राहणार. आज.

तिने कोड उघडला. ओळींना ओळख म्हणून पेशंटचा क्रमांक नव्हताच, नुसता ओळीचा नंबर होता, पहिली-दुसरी-तिसरी; माणूस सरकला तरी सूचना नंबरालाच चिकटून. आणि वर धाकटीची टीप: 'ही ताईची पद्धत.'

स्वयंपाकघरातलं टेबल. धाकटीच्या नोकरीचा पहिला आठवडा. धाकटी वही घेऊन, आणि आपल्याला कुठेतरी जायची घाई... "ओळीला नंबर दे गं आणि मोकळी हो, एवढा काय विचार करतेस!" आपणच. आपल्या पानात ते खपायचं, आपण सगळंच पुसून नव्याने काढायचो ना. आणि या वेडीने सगळं बदललं, आपलं हे एक वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेवलं, तपासलंसुद्धा नाही.

"ताई, सापडलं काही?" धाकटी मागे उभी, चहाचे दोन कप घेऊन. "तोंड का असं? फार वाईट आहे का?"

"खुर्ची घे."

सांगायचं हे ठरलं होतं, कधी ठरलं कोण जाणे. पण चूक कोणाची म्हणून सांगायची... धाकटी खुर्ची आणायला वळली, ठरवायला तेवढाच वेळ होता. आणि छातीतलं ते सकाळपासूनचं जळणं होतं तसंच होतं, फक्त आता ते धाकटीच्या हुशारीवर नव्हतं. तिला असं डोळे मिटून कोणावर तरी विसंबता येतं, त्यावर होतं.